जपानमधील ब्राझिलियन समाज : रक्ताचे नाते आणि कायदा

प्रस्तावना :
स्थलांतराच्या इतिहासात एकाच समाजाने दोन वेळा समुद्र ओलांडल्याची उदाहरणे थोडी आहेत. जपानमध्ये स्थिरावलेला ब्राझिलियन समाज हे त्यांपैकी एक होय. वंशाच्या आधारे दिलेला प्रवेश म्हणजे समाजाने केलेला स्वीकार होय काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली व कॉफीच्या मळ्यांना नव्या मजुरांची गरज भासली. १९०८ साली 'कासातो मारू' हे जहाज ७८१ करारबद्ध जपानी स्थलांतरितांना घेऊन सांतोस बंदरात पोहोचले. त्यांच्या वंशजांचा मोठा समाज पुढे साओ पाउलो परिसरात वाढला.

१९८०च्या दशकात प्रवाह उलटला. ब्राझील कर्ज व चलनवाढीने ग्रासला होता, तर जपानी कारखान्यांना कामगार मिळत नव्हते. अकुशल परदेशी मजुरांना दार न उघडता ही उणीव भरून काढण्याचा मार्ग १९९० साली अमलात आलेल्या सुधारित कायद्याने दिला. जपानी वंशाच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या व्यक्तींना कामाचे बंधन नसलेला निवास मिळाला. हामामात्सु, ओइझुमी यांसारख्या औद्योगिक शहरांत त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. २००७ पर्यंत ही संख्या तीन लाखांवर गेली.

धोरणाची कसोटी :
या कामगारांपैकी अनेकजण मध्यस्थ संस्थांमार्फत अल्प मुदतीच्या करारावर होते. त्यामुळे २००८च्या मंदीचा पहिला आघात त्यांच्यावर झाला. २००९ साली शासनाने परतीसाठी प्रत्येक बेरोजगारास तीन लाख येन व प्रत्येक अवलंबितास दोन लाख येन देऊ केले. मात्र त्याच दर्जाने पुन्हा प्रवेश नाकारला. सुमारे २० हजार ब्राझिलियनांनी ही मदत स्वीकारली. २०१३ साली ही बंदी सशर्त शिथिल झाली. मुलांचा प्रश्नही बिकट होता. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा परदेशी नागरिकांना लागू नसल्याने काही मुले शाळेबाहेर राहिली.

निष्कर्ष :
ब्राझीलमध्ये 'जपानी' म्हणून ओळखले जाणारे हे लोक जपानमध्ये 'ब्राझिलियन' ठरले. कायद्याने रक्त पाहिले. भाषा, शाळा व नोकरीची शाश्वती यांकडे लक्ष उशिरा गेले. तरीही २०२३ अखेर दोन लाखांहून अधिक ब्राझिलियन जपानमध्ये राहत होते. तात्पुरते मजूर म्हणून आलेला समाज तेथे रुजला आहे, हे वास्तव धोरणकर्त्यांना नाकारता येणार नाही.