चवदार तळ्याकाठची स्मारके आणि सार्वजनिकत्वाचा प्रश्न

नगरातील चौकात अथवा मोकळ्या पटांगणात पुतळा उभारण्याची प्रथा महाराष्ट्रात अर्वाचीन काळी रूढ झाली. तत्पूर्वी येथील स्मृतिचिन्हे निराळ्या स्वरूपाची असत. रणात पडलेल्याचा वीरगळ, सहगमन केलेल्या स्त्रीची सतीशिळा, साधुपुरुषाची समाधी आणि राजपुरुषाची छत्री ही त्यांतील प्रमुख होत. ही चिन्हे बहुधा मृत्यूचे वा दहनाचे स्थळ दर्शवीत. पुतळ्याचे तसे नाही. तो व्यक्तीची आकृती लोकांच्या रहदारीत आणून उभी करतो, आणि म्हणूनच त्यास 'सार्वजनिक शिल्प' अशी संज्ञा प्राप्त झाली आहे. परंतु शिल्प सार्वजनिक ठरते ते नेमके कशामुळे, या प्रश्नाचा विचार क्वचितच केला जातो. सार्वजनिक जागेत उभे आहे म्हणून ते सार्वजनिक, असे सामान्यतः मानण्यात येते. ही जागा सार्वजनिक आहे हे कोणी व कसे ठरविले, हा पुढचा प्रश्न मात्र तसाच राहतो. महाडच्या चवदार तळ्याकाठी या प्रश्नास निश्चित उत्तर मिळते, व तेही कागदोपत्री. या स्थळाचे वैशिष्ट्य त्यातच आहे.

सावित्री नदीच्या खोऱ्यातील पोलादपूर व महाड हे दोन्ही तालुके स्मारकांनी समृद्ध आहेत. 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदाची समाधी पोलादपूर येथे आहे. त्याच तालुक्यातील उमरठ हे गाव तानाजी मालुसरे यांच्या स्मृतीने पावन झालेले आहे. महाड तालुक्यातील रायगडावर शिवछत्रपतींची समाधी आहे, आणि गडावरील होळीच्या माळावर विसाव्या शतकात बसविलेला त्यांचा पुतळा आहे. हा माळ म्हणजे राजधानीचा मोठा चौकच होय. पुतळ्यासमोर बाजारपेठेच्या दोन रांगांचे अवशेष पसरलेले असून प्रत्येक रांगेत २२ दुकाने मोजता येतात. ऐतिहासिक चौकात अर्वाचीन शिल्प बसविल्याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल. तथापि ही सर्व स्मारके व्यक्तींची आहेत. महाड शहरातील स्मारके प्रथमतः एका कृतीची आहेत, आणि ती कृती म्हणजे पाणी पिणे.

पाण्याचा उल्लेख या खोऱ्याच्या लिखित इतिहासात फार प्राचीन काळापासून आढळतो. महाडनजीकच्या गांधारपाले लेण्यांत कुमार काणभोअ वेण्हुपालित याचा दानलेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील या ब्राह्मी लेखात लेणे, चैत्यगृह व आठ ओवऱ्या यांच्यासमवेत लेण्याच्या दोन बाजूंच्या दोन पोढींचा, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचा, स्वतंत्र निर्देश केलेला आहे. दानाच्या यादीत निवाऱ्याच्या जोडीने पाणीही मोजले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच परिसरात सुमारे अठरा शतकांनंतर पाणी हाच वादाचा विषय झाला.

त्या वादाचा क्रम थोडक्यात असा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी खर्चाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादी अस्पृश्य वर्गास खुली असावीत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून ठराव केला. परंतु ठराव आणि व्यवहार यांत अंतर राहिले व तळ्याकडे कोणी अस्पृश्य जाऊ शकला नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या आयोजनात दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे व नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा वाटा मोठा होता. परिषदेसाठी लागणारे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले, ही एकच बाब तत्कालीन स्थिती स्पष्ट करण्यास पुरेशी आहे. २० मार्च रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेतील लोक चवदार तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर ते वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार असल्याची अफवा उठून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याने संस्कारलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याची 'शुद्धी' करण्यात आली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

दुसरी परिषद २५ डिसेंबर १९२७ पासून भरावयाची होती. परंतु १२ डिसेंबर रोजी काही स्पृश्य नागरिकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला, आणि १४ डिसेंबरला तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेस जागा मिळणेही कठीण झाले होते. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. परिषदेच्या मंडपात एकच तसबीर होती व ती महात्मा गांधींची होती. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्यासंबंधीचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. दहनासाठी सुमारे दीड फूट लांबरुंद व सहा इंच खोल अशी वेदी खणून तीत चंदनाचे तुकडे रचले होते, आणि वेदीच्या कोपऱ्यांवर खांब रोवून त्यांवर घोषफलक लावले होते. महाडच्या स्मारकशिल्पाचा आरंभ शोधावयाचा झाल्यास तो या तात्पुरत्या वेदीपाशी आणि तिच्या खांबांपाशीच शोधावा लागेल. तेथे कोणाचीही प्रतिमा नव्हती. केवळ स्थळ, खांब व अक्षरे होती. मनाई हुकूम मान्य करून परिषदेने पाण्यास स्पर्श करणे तहकूब केले, आणि मिरवणुकीने तळ्यास वळसा घालून आपला हक्क दर्शविला.

यानंतरचा संघर्ष न्यायालयात झाला. दाव्यातील प्रतिवादींत डॉ. आंबेडकर व सीताराम नामदेव शिवतरकर यांच्यासमवेत कृष्णा कदम व गण्या मालू चांभार या महाडकडील माणसांचीही नावे होती. तळे आपले खाजगी असून अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने, ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या अपील न्यायालयाने आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांच्यापुढे अपील चालले तेव्हा तळे नगरपालिकेचे आहे याविषयी वाद उरला नव्हता. प्रश्न होता रूढीचा. चार ते पाच एकर विस्ताराचे हे तळे गावाच्या कडेस असून त्याच्या चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते व त्यांपलीकडे घरे आहेत, असे वर्णन निकालपत्रात येते. घरांची ही वेढणी होण्यापूर्वी तळ्यावर कोणी मज्जाव करीत असेल असे गृहीत धरता येत नाही, असा उच्च न्यायालयाच्या विवेचनाचा रोख होता, आणि म्हणून रूढीचे अनादित्व सिद्ध होत नाही असे ठरले.

या निकालाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. रूढी सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य किंवा सार्वजनिक धोरणास विरोधी आहे काय याचा विचार करावा लागला असता, असे सांगून न्यायालयाने तो प्रश्न अनिर्णीत ठेवला. म्हणजे पाणी मिळाले ते प्रतिपक्षाचा पुरावा अपुरा ठरला म्हणून, समतेचे तत्त्व मान्य झाले म्हणून नव्हे. तत्त्वाचा निर्णय १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाने दिला. त्याच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांची जी नामावली येते, ती वाचताना महाडचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

या पार्श्वभूमीवर पुढे उभ्या राहिलेल्या स्मारकांकडे पाहावे. डिसेंबरच्या परिषदेची स्मृती जपणारा क्रांतिस्तंभ आणि चवदार तळ्यावरील डॉ. आंबेडकरांचा पुतळा ही त्यांतील दोन मुख्य होत. स्तंभाला चेहरा नाही, म्हणून तो समुदायाचे स्मारक होऊ शकतो. वेदीच्या खांबांशी त्याचे नाते सरळ जुळते. पुतळ्यास चेहरा आहे, म्हणून तो नेतृत्वाचे स्मारक होतो. एका स्थळाच्या स्मृतीची ही दोन अंगे असून त्यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, असे म्हणणे योग्य ठरेल.

पुतळ्यांविषयी आक्षेप घेणाऱ्यांना खुद्द डॉ. आंबेडकरांच्या विचारांतच आधार सापडतो. १९४३ मधील रानडे यांच्यावरील व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेचे दोष दाखविले होते, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधानसभेतील भाषणात राजकारणातील भक्ती अधःपाताकडे नेते असा इशारा दिला होता. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या समाजाला शतकानुशतके चौक, पाणवठा व मंदिर येथे उभे राहू दिले गेले नाही, त्याच्या प्रतिनिधीची आकृती चौकात स्थिरपणे उभी राहणे हे केवळ पूजन नव्हे. तो जागेवरील हक्काचा उच्चार असतो. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसविण्यात आले, तेव्हा डॉ. आंबेडकर हयात होते. संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेल्या त्यांच्या पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी झाले. या दोन्ही ठिकाणी आकृतीने जागेला अर्थ दिला. महाडला क्रम उलटा आहे. तेथे माणसे अगोदर आली, जागा नंतर सर्वांची ठरली, आणि आकृती त्यानंतर उभी राहिली. तेथील पुतळा सार्वजनिक आहे तो त्याच्याखालची भूमी व समोरचे पाणी सार्वजनिक असल्याचे झगडून सिद्ध झाले म्हणून.

यातून एक व्यावहारिक निष्कर्षही निघतो. स्मारकाचे सुशोभन करताना तळ्यास केवळ शिल्पाची पार्श्वभूमी मानण्याचा मोह होण्याचा संभव असतो. तसे झाल्यास पिण्याच्या कृतीची जागा पाहण्याची कृती घेईल. पुतळा शेकडो गावांत आहे, चवदार तळे एकच आहे. म्हणून येथील मूळ स्मारक पाणी हेच मानावयास हवे, आणि ते निर्मळ व सर्वांच्या हाती येण्याजोगे राखणे हा जतनकार्याचा पहिला भाग ठरतो. पुतळ्याचा धातू व चौथऱ्याचा दगड यांची निगा त्यानंतर येते.

अभ्यासकाच्या दृष्टीनेही हीच पद्धत फलदायी होईल. गांधारपाल्याचा दानलेख, १९२४ व १९२७ चे नगरपालिकेचे परस्परविरोधी ठराव, दाव्याची कागदपत्रे, क्रांतिस्तंभ, पुतळा आणि तळे ही साधने एकत्र वाचली पाहिजेत. शिल्पाचा इतिहास शिल्पकारापासून सुरू करण्याची रीत आहे. महाड येथे तो चाळीस रुपयांच्या विकतच्या पाण्यापासून आणि गण्या मालू चांभार या दाव्यातील नावापासून सुरू करावा लागतो. दरवर्षी २० मार्च व २५ डिसेंबर या दिवशी तेथे येणारे हजारो लोक क्रांतिस्तंभास व पुतळ्यास वंदन करतात, आणि कित्येक जण तळ्याकडे उतरून ओंजळ भरतात. त्या ओंजळीमुळे ते १९२७ च्या प्रसंगाचे वारस ठरतात.