काच आपली जागा का विसरते?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे... म्हणजे' काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)



आज एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. गाडीची बॅटरी उतरली. तुम्ही फोनवरून नवीन मागवली, माणूस आला, पार्किंगमध्येच बॅटरी बसवून गेला. गाडी एका सेल्फला सुरू. सगळं मस्त. मग गेटवर वॉचमनकाकांशी बोलायला काच खाली घेतली आणि वर करायला नेहमीसारखा बटणाला एकच झटका दिला, तर काच दोन बोटं वर आली आणि थांबली. पुन्हा झटका, पुन्हा दोन बोटं. किंवा त्याहून वैताग म्हणजे काच पूर्ण वर गेली, रबराला टेकली आणि स्वतःहून परत खाली आली.

इथे बऱ्याच जणांना गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, 'मोटर गेली, काचेचं मशीन बदलावं लागेल.' आणि खिशाला कात्री लागते. खरं तर बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. गाडी फक्त एक गोष्ट विसरलेली असते: काचेचं 'वरचं टोक' कुठे आहे.

आता प्रश्न असा, की काचेला मुळात काही लक्षात ठेवायची गरजच काय? हँडल फिरवायच्या जमान्यात पद्मिनीच्या नाहीतर मारुती ८०० च्या काचेला काही आठवत नव्हतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. याचं उत्तर शोधायला आपल्याला अमेरिकेत जावं लागतं, आणि त्या गोष्टीचा मधला भाग सांगायला अवघड आहे.

सुरुवात मात्र निव्वळ श्रीमंती थाटाची. १९४० च्या शरद ऋतूत पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४१ च्या '१८०' या महागड्या मालिकेत बटणावर चालणाऱ्या काचा आणल्या. पाठोपाठ फोर्डने लिंकन कस्टम या लांबलचक गाडीत त्या दिल्या. या काचा थेट विजेवर चालत नव्हत्या बरं का. विजेचा पंप तेलाला दाब द्यायचा आणि त्या दाबावर काच सरकायची. जेसीबीचा हात उचलतो ना, तीच कल्पना, फक्त दाराच्या आत.

मग युद्ध आलं, अमेरिकेत साध्या मोटारी बनवणंच १९४२ मध्ये बंद झालं. युद्धानंतर ब्यूकने हेच तेलाच्या दाबाचं तंत्र उघड्या छताच्या गाड्यांत जोरात आणलं. छत, काचा, पुढची सीट, सगळं एकाच पंपावर. नाव होतं 'हायड्रो-लेक्ट्रिक'. ऐकायला भारी, पण त्यात वापरायचे ब्रेकचं तेल, आणि ब्रेकचं तेल रंगावर सांडलं की काय होतं ते कुठल्याही पेंटरला विचारा. दाराच्या आत गळती म्हणजे आतून पोखरणारं दुखणं. १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलने तेलाला रजा दिली आणि प्रत्येक दारात स्वतंत्र विजेची मोटर बसवली. आज तुमच्या गाडीत आहे ती याच घराण्यातली.

आता ही मोटर किती ताकदीची ठेवायची? इंजिनिअरच्या बाजूने विचार करा. काच जड. रबराचं बीडिंग दहा वर्षांनी कडक होणार, त्यात धूळ बसणार. थंडीत बॅटरी अर्धमेली. अशा सगळ्या परिस्थितीत काच वर गेलीच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक भांडणार. म्हणून मोटर गरजेपेक्षा बरीच दणकट. आणि या दणकट मोटरला एकच गोष्ट कळायची: बटण दाबलं आहे की नाही. मध्ये रबर आहे, बोट आहे की मान, हे तिला कळायचा काही मार्गच नव्हता.

इथे तो अवघड भाग येतो. गाडी उभी आहे, चावी तशीच लावलेली, आईवडील दोन मिनिटांसाठी खाली उतरलेत. मागचं लहान मूल सीटवर गुडघे टेकून खिडकीतून डोकं बाहेर काढतं. दाराच्या आर्मरेस्टवर बटण आहे, आणि गुडघा नेमका त्या बटणावर. काच वर यायला लागते. मूल घाबरून अंग आणखी पुढे टाकतं, म्हणजे बटणावरचा भार वाढतो, कमी होत नाही. अमेरिकेत अशी मुलं गेली. एक-दोन नाहीत, आणि एकाच काळातही नाहीत. हे वर्षानुवर्षं होत राहिलं.

सरकारचा पहिला उपाय १९७१ मध्ये लागू झाला. मोटार सुरक्षा मानक क्रमांक ११८. त्याचा गाभा साधा होता: चावी 'ऑन' नसेल तर काच चालता कामा नये. नियम चांगलाच होता, पण त्याने धरलेलं गृहीत बघा. चावी चालू आहे म्हणजे कुणीतरी मोठं माणूस गाडीत असणार! वरचा प्रसंग आठवा. चावी चालूच तर होती.

पुढे १९९१ मध्ये हाच नियम बदलला, कारण कंपन्यांना रिमोटने, गाडीबाहेरून काचा बंद करायची सोय द्यायची होती. सरकार म्हणालं, द्या, पण मग मध्ये काही आलं तर काच आपोआप उलटी फिरली पाहिजे. किती दाबाला? १०० न्यूटन व्हायच्या आत. आपल्या भाषेत दहा किलोच्या तांदळाच्या पिशवीचा जेवढा भार, साधारण तेवढा. आणि हे ४ मिलिमीटरपासून २०० मिलिमीटरपर्यंतच्या जाडीच्या दांड्यावर तपासायचं. म्हणजे लहान मुलाच्या बारीक करंगळीपासून डोक्यापर्यंत. युरोपनेही २००० सालच्या आपल्या नियमात हेच आकडे घेतले.

बटणाचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यावर नियम यायला २००४ उजाडलं, आणि तो नियम मला फार आवडतो, कारण त्यात कुणीतरी खरोखर गुडघ्याचा विचार केलाय. चाचणी अशी: ४० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा गोळा घ्या, तो १३५ न्यूटनपर्यंतच्या जोराने बटणावर कुठूनही दाबा, काच वर जाता कामा नये. तो गोळा म्हणजे मुलाचा गुडघा. २००५ मध्ये संसदेने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की काच वर करायला बटण बोटाने वर ओढावंच लागेल असं ठेवा. ते सर्व गाड्यांवर लागू होईपर्यंत २०१० आलं. तुमच्या गाडीचं बटण 'वर ओढलं की वर, दाबलं की खाली' असं असेल, तर तो आकार नुसत्या डिझायनरच्या लहरीतून आलेला नाही.

बरं, आता मूळ मुद्द्यावर. काचेने उलटं फिरायचं, पण अडथळा ओळखायचा कसा?

बहुतेक गाड्यांत मोटरच्या दांड्यावर एक छोटं चुंबक असतं आणि शेजारी हॉल सेन्सर. दांडा फिरला की सेन्सर ठोके मोजतो. टक, टक, टक. काही गाड्यांत सेन्सरऐवजी मोटरच्या करंटमधल्या बारीक लहरी मोजतात. ठोके अचानक मंदावले म्हणजे काहीतरी आडवं आलं. थांब, उलटी फिर.

पण थांबा, काच वरच्या रबरात शिरते तेव्हाही ठोके मंदावतातच की! तिथे ती उलटी फिरली तर खिडकी कधीच बंद होणार नाही. म्हणून गाडीला काच *कुठे* आहे हेही माहीत लागतं. शेवटच्या ४ मिलिमीटरच्या पट्ट्यात उलटं फिरायची सक्ती नाही, तिथे जोर लावून रबरात बसायचं. त्याच्या खाली सगळीकडे सावध राहायचं.

हे ती कसं लक्षात ठेवते? अंधारात जिना उतरताना आपण पायऱ्या मोजतो ना, तसं. वरच्या टोकाला शून्य, तिथून इतके ठोके खाली, इतके वर. दिसत काहीच नाही, सगळा भरवसा मोजण्यावर. आणि मध्येच कुणी हाक मारली की आकडा गेला. बॅटरीचं टर्मिनल काढणं म्हणजे तीच हाक. मोटर, मशीन, दारातलं कंट्रोल युनिट, काही वेळा नुसती काच किंवा बीडिंग बदललं तरी जुना हिशोब निरुपयोगी होतो. नवीन रबराचं घर्षणच वेगळं, मग जुन्या अंदाजाने त्यालाच अडथळा समजून काच परत खाली येते. ज्या गाड्या हा आकडा कायमच्या मेमरीत ठेवतात त्यांना बॅटरीने फरक पडत नाही, पण सगळ्या तशा नसतात.

आकडा हरवलेला असताना गाडी काय करते, तर झटक्यात वर जाणंच नाकारते. बटण धरून ठेवाल तेवढंच वर. म्हणजे पुन्हा माणसाचा हात आणि डोळा हवा. बिघाड वाटतो तो प्रत्यक्षात गाडीचा प्रामाणिकपणा आहे, 'मला आत्ता काही माहीत नाही, तू बघ' असं सांगणारा.

रिसेट म्हणजे तिला शून्य परत दाखवणं. ढोबळ रीत अशी: दारं बंद, इग्निशन ऑन, शक्यतो इंजिन सुरू म्हणजे व्होल्टेज पूर्ण मिळतं. काच पूर्ण खाली. मग बटण ओढून पूर्ण वर, आणि काच टेकल्यावरही बटण *सोडायचं नाही*. काही सेकंद धरून ठेवायचं. त्या सेकंदांत मोटर टोकाला अडते, ठोके थांबतात आणि कंट्रोलर नोंद करतो: हे वरचं टोक. किती सेकंद, खाली जाऊनही धरायचं का, एकदा की दोनदा, हे गाडीगणिक वेगळं. ते मॅन्युअलमध्ये असतं, जे बहुधा ग्लोव्ह बॉक्समध्ये अजून प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडलेलं असेल. आणि बऱ्याच गाड्यांत प्रत्येक काच तिच्या स्वतःच्या दारावरच्या बटणानेच शिकवावी लागते, ड्रायव्हरकडून नाही. लोक इथेच फसतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. हे करत असताना ती उलटं फिरायची सुरक्षा बऱ्याच गाड्यांत बंद असते. गाडीला अजून काही माहीतच नाही, तर ती कुठे थांबणार? म्हणून मुलांना आधी खाली उतरवा, मग रिसेट.

आपल्याकडच्या गाड्यांबद्दल थोडं. भारतात पॉवर विंडो मध्यमवर्गाच्या दारात आल्या त्या उदारीकरणानंतर, आणि आल्या त्याही तुकड्या-तुकड्याने. आधी फक्त पुढच्या दोन काचा, मागे हँडलच. आजही अनेक परवडणाऱ्या गाड्यांत झटक्याची सोय एकट्या ड्रायव्हरच्या काचेला, आणि तीही फक्त *खाली* जायला. 'वर' का नाही? कारण झटक्यात वर द्यायचं तर सेन्सर, मोजणी, कंट्रोलर सगळं आलं, म्हणजे खर्च आला. खाली जाणारी काच सहसा कुणाचा गळा धरत नाही. त्यामुळे तुमच्या गाडीत झटक्यात वर जाणारी काच नसेल, तर रिसेट करण्यासारखंही काही नसण्याची शक्यता जास्त. त्याचा दुसरा अर्थ असा, की त्या काचा अजूनही १९५१ च्या मोटरसारख्याच आंधळ्या आहेत. मागे लहान मूल असेल तर ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो-लॉकचं बटण दाबून ठेवा.

अमेरिकेतही हा वाद पूर्ण मिटलेला नाही बरं का. प्रत्येक काचेला उलटं फिरणं सक्तीचं करायचं की नाही यावर बराच विचार झाला, आणि २०११ मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने तशी सक्ती न करायचं ठरवलं. माझं मत विचाराल तर सक्ती हवी होती. ४० मिलिमीटरच्या गोळ्याने गुडघा ओळखला, पण दुसऱ्या सीटवरून भावंडाने बटण ओढलं तर गोळ्याची चाचणी काही कामाची नाही.

रिसेट झालं की एकदा तपासून बघा. वर्तमानपत्राची जाडसर गुंडाळी करून खिडकीत आडवी धरा, हात बाजूला ठेवा, आणि बटणाला एक झटका द्या. काच टेकून परत खाली आली तर झालं. वर्तमानपत्र घरी येत नसेल तर किचन टिश्यूचा रोल चालेल. बोट नको.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.