लाइन लागते, पण पान उघडत नाही

१९९९च्या आसपास पुण्यातल्या छोट्या ऑफिसांत लिनक्सची गेटवे मशिनं बसवणं आणि अडली की चालू करून देणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. तक्रार ठरलेली असायची: "मोडेम लागतो हो, पण काही उघडत नाही." आरोपीही ठरलेला, टेलिफोनची लाइन. ती बिचारी बहुतेक वेळा निर्दोष सुटायची; खरा गोंधळ असायचा रूटिंगचा, म्हणजे पाकिटांना रस्ता दाखवण्याचा.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. तेव्हा स्वस्तातलं शेल खातं घेतलं, तर रूटिंगची भानगडच नव्हती. तुमचा संगणक नेटवर्कवर नसायचाच, पलीकडच्या युनिक्स मशिनचा तो नुसता टर्मिनल. महागडं टीसीपी-आयपी खातं घेतलं की कॉल चालू असेपर्यंत मशिनला स्वतःचा पत्ता मिळायचा, आणि कुठलं पॅकेट कुठून बाहेर काढायचं हेही त्यालाच ठरवावं लागायचं. पुढे १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. मग एका मोडेमवर अख्खं ऑफिस चालवायची टूम निघाली. अडगळीतला ४८६, त्यात नेटवर्क कार्ड, मागे मोडेम, झाला गेटवे.

भोसरीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात असंच बोलावणं आलं. मोडेम कनेक्ट होत होता. पीपीपीच्या, म्हणजे मोडेमवरच्या नेटवर्क जोडणीच्या, पलीकडच्या टोकाला पिंग केलं, उत्तर आलं. म्हणजे लाइन ठणठणीत. मग नावांचे आकडी पत्ते सांगणाऱ्या नेमसर्व्हरला आकड्यांनी पिंग केलं, तर शुकशुकाट. हा क्रम मी कधी मोडला नाही: आधी पलीकडचं टोक, मग लांबचा आकडा, शेवटी नाव. आकडा चालतो पण नाव चालत नाही, तर दोष नेमसर्व्हरचा पत्ता ठेवणाऱ्या रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलीत. इथे आकडाच अडला होता. (पिंग हे माइक म्यूस यांनी १९८३च्या डिसेंबरात लिहिलेलं. त्याच्याइतकं छोटं आणि उपयोगी हत्यार मी तरी पाहिलेलं नाही.)

रस्त्यांची यादी पाहायला 'रूट -एन' मारलं. ०.०.०.०ची, म्हणजे 'बाकी सगळं इकडून'ची ओळ ईथझीरोकडे, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्क कार्डाकडे, बोट दाखवत होती. लिनक्स घालताना कुणीतरी गेटवेच्या रकान्यात १९२.१६८चा एक पत्ता भरून ठेवला होता, रकाना रिकामा कसा सोडायचा म्हणून! जगाकडे निघालेली पाकिटं ऑफिसच्याच वायरीत जाऊन मरत होती. लॉगमध्ये पीपीपी चालवणाऱ्या पीपीपीडीने स्वच्छ लिहिलं होतं की आधीचा डिफॉल्ट रूट आहे, तो मी बदलत नाही. पण लॉग वाचतो कोण?

जुनी ओळ काढली, नेटवर्कच्या फाइलीतला गेटवेचा पत्ता पुसला, पुन्हा डायल केलं. गेटवेवरून सगळं उघडलं, टेबलांवरचे संगणक मात्र तसेच. तिथे दोन गोष्टी राहिल्या होत्या: फॉरवर्डिंग, म्हणजे आतली पाकिटं पुढे पाठवणं, बंद होतं आणि मास्करेडिंगचा, म्हणजे त्यांच्यावर गेटवेचा पत्ता घालण्याचा, नियम नव्हता. १९२.१६८चे पत्ते खासगी, बाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. तसंच गेलेल्या पाकिटाचं उत्तर परत येणार कुठून? फॉरवर्डिंग सुरू केलं, मास्करेडिंगसाठी आयपीचेन्सची एक ओळ लिहिली आणि हिशेबनीसांच्या टेबलावर याहू उघडलं.

आधीचा रूट न बदलण्याच्या पीपीपीडीच्या हट्टाला पुष्कळांनी शिव्या घातल्या. मला तो बरोबर वाटतो. डायल केलेली प्रत्येक लाइन इंटरनेटचीच असते असं नाही. कुणी शाखेच्या ऑफिसला जोडत असेल, तर त्याचा चालता रस्ता का मोडायचा? पुढे जुना रूट बदलून घेण्याचा वेगळा पर्याय पीपीपीडीत आला. तो मुद्दाम लिहावा लागतो.