मातेचे रक्त आणि अंकुशकृमी

इ. स. १८३८ मध्ये इटलीतील मिलान शहरी एका शेतकरी स्त्रीचे शवविच्छेदन करीत असता आंजेलो दुबिनी या वैद्याला तिच्या आतड्यात एक अपरिचित कृमी आढळला. १८४३ मध्ये त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच अंकुशकृमी. जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा हा जीव आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतो. पुढे कैरो येथे आर्थर लूस यांच्या हातावर प्रयोगातील अळ्या सांडल्या आणि या कृमीचा त्वचेवाटे शरीरात शिरण्याचा मार्ग उघडकीस आला. म्हणजे शेतात अनवाणी राबणारी स्त्री त्याला सहज सापडणार! त्यातून ती गरोदर असेल, तर रक्तक्षय दोन जिवांवर बेततो.

श्रोतेहो, मग तिला औषध का देऊ नये? कारण औषधेच उग्र होती. थायमॉल, चेनोपोडियमचे तेल आणि १९२१ नंतर आलेले, यकृताला घातक ठरणारे कार्बन टेट्राक्लोराइड ही ती औषधे. पुढे मेबेंडाझोल व अल्बेंडाझोल ही सौम्य औषधे आली. परंतु उंदरांवरील प्रयोगांत गर्भात व्यंगे दिसली आणि शंका कायम राहिली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मध्यममार्ग सुचविला : पहिले तीन महिने औषध टाळावे, त्यानंतर द्यावे.

या मार्गाची कसोटी श्रीलंकेत लागली. तेथे दुसऱ्या तिमाहीत मेबेंडाझोल देण्याची शिफारस होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध घेतलेल्या ५,२७५ व न घेतलेल्या १,७३७ मातांची तुलना झाली. गंभीर जन्मजात व्यंगांचे प्रमाण अनुक्रमे १.८ व १.५ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. उलट मृतजन्म व जन्मासुमाराचे मृत्यू औषध घेतलेल्यांत १.९ टक्के, तर इतरांत ३.३ टक्के आढळले. अशा तुलनेवरून सारे श्रेय औषधालाच देता येत नाही, हे खरे. परंतु भीतीचे ओझे मात्र पुष्कळ हलके झाले.

भारतात २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर स्त्रीस दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा देण्याची तरतूद झाली. ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. लोहाच्या गोळ्या, पायांत वहाणा आणि घरी शौचालय यांची जोडही तिला हवीच. गर्भाच्या काळजीपोटी औषध टाळणाऱ्या वैद्यांचा हेतू शुद्ध होता. पण औषध न देण्याचीही किंमत असते आणि ती मातेच्या रक्ताने चुकती होते, हे उमगायला दीड शतकाहून अधिक काळ लागला.