अटकेनंतर वकील: मोफत मिळणारा घ्यावा की फी देऊन नेमावा?

घरातल्या कुणाला अटक झाली की मोहल्ल्यात एक सल्ला हमखास मिळतो: "सरकारी वकील घेऊ नका, तो पोलिसांचाच माणूस." यात दोन वेगळ्या माणसांची गल्लत आहे. सरकारी वकील म्हणजे सरकार पक्षाचा, आरोपीच्या विरोधात उभा राहणारा. कोर्टाकडून आरोपीला मोफत मिळतो तो बचावाचा वकील. त्याचे पैसे सरकारी निधीतून येतात, पण त्याचा अशील आरोपीच. अशिलाने सांगितलेलं गुपित ठेवायचं बंधन त्याच्यावरही तेवढंच आहे.

हा वकील मिळणं मेहरबानी नाही, हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतली व्यक्ती, कोणतीही स्त्री, लहान मूल, अपंग, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. अशा कुठल्या गटात न बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. म्हणजे अब्बांचं दुकान चालतं म्हणून आत असलेल्या मुलाला नकार देता येत नाही. तो जामिनावर बाहेर आला की मात्र उत्पन्न बघितलं जाऊ शकतं. सुप्रीम कोर्टाने कसाबच्या अपिलावरील २०१२ च्या निकालात स्पष्ट केलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं जातं तेव्हाच वकिलाच्या हक्काची माहिती देणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. (नाव ऐकून दचकू नका, नियम साध्या मारामारीच्या केसलाही तोच आहे.)

अटकेनंतर २४ तासांत कोर्टात हजर करावं लागतं. त्या एका दिवसात घरचे बिशीचे पैसे उचलतात, दागिने गहाण टाकतात, "चांगला वकील" शोधत फिरतात, आणि इकडे मुलगा वकिलाशिवाय रिमांडला उभा असतो. माझं स्पष्ट मत असं: पहिल्या रिमांडला मोफत वकील घ्या, निवड नंतर शांतपणे करा. मोफत वकील घेतला म्हणून पुढे खासगी नेमायचा मार्ग बंद होत नाही, वकालतनामा बदलता येतो. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं किंवा तालुका समितीचं ऑफिस असतं. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. हेल्पलाइन १५१०० आहे, आणि तुरुंगातूनही अर्ज करता येतो. आता बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथले वकील पूर्णवेळ असतात, खासगी केस घेऊ शकत नाहीत, आणि मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो.

मग खासगी कधी? खटला गंभीर असेल, यूएपीए किंवा मकोकासारखा खास कायदा लागला असेल, मोबाईल-सीडीआरचा पुरावा असेल, आणि त्या कामात मुरलेला वकील मिळत असेल तर. पण हिशोब जामिनापुरता करू नका. पुष्कळ घरांत सगळे पैसे जामिनातच संपतात आणि साक्षीदारांची उलटतपासणी, म्हणजे खरी लढाई, सुरू होते तेव्हा वकील तारखेला येईनासा होतो. शेवटपर्यंत पुरतील एवढे पैसे नसतील तर मोफत वकील सुरुवातीपासून असलेला बरा.

खासगी वकिलाला आधी विचारा: फीमध्ये काय काय येतं? तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर? पावती मागा, लाजू नका. "सुटला तरच पैसे द्या" असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. सुटकेची गॅरंटी देणाऱ्यापासून तर चार हात लांबच राहा. फी बाकी आहे म्हणून वकील तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलेलं आहे.

मोफत वकिलाकडे कामाचा बोजा असतो, हे खरं. म्हणून घरच्यांनी गप्प बसायचं नाही. त्या वेळी मुलगा कुठे होता, कोणी पाहिलं, दुकानाचं सीसीटीव्ही आहे का, ही माहिती तुम्हीच न्यायची, तीही लवकर, कारण फुटेज पुसलं जातं. त्याने पैसे मागितले तर ते नियमबाह्य आहे. त्याबद्दल प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. काम नीट होत नसेल तर वकील बदलून देण्यासाठीही तिथेच अर्ज करता येतो.

वकील कोणताही असो, एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्या रिमांडपासून ६० दिवसांत (फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत) आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. यूएपीए आणि मकोकामध्ये ही मुदत १८० दिवसांपर्यंत, तर एनडीपीएसच्या काही गंभीर गुन्ह्यांत एक वर्षापर्यंत वाढू शकते. पण आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज केला नाही तर हा हक्क जातो. मुदत संपायच्या आठवडाभर आधी वकिलाला फोन करा आणि अर्ज तयार आहे का ते विचारा.