शब्दविरहित चित्रपुस्तके

शब्दविरहित चित्रपुस्तके : गोष्ट, प्रसंग वा माहिती मजकुराच्या आधाराशिवाय केवळ चित्रांच्या क्रमातून मांडणारी, मुख्यत्वे बालकांसाठी तयार केलेली पुस्तके. मुखपृष्ठावरील नाव व प्रकाशनाचा तपशील वगळता त्यांत बहुधा एकही अक्षर नसते. अक्षरओळख न झालेले मूल आणि त्याच्याजवळ बसलेली प्रौढ व्यक्ती यांनी ती मिळून पहावयाची असतात. त्यामुळे त्यांचा मजकूर छापलेला नसतो, तर प्रत्येक वेळी नव्याने बोलला जातो. चित्र पाहून त्याविषयी बोलण्याच्या या क्रियेस मराठी शालेय व्यवहारात ‘चित्रवाचन’ ही संज्ञा रूढ झाली आहे.

स्वरूप व प्रकार : या पुस्तकांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात पानागणिक एकेक वस्तू, प्राणी वा फळ असते; त्याचा उपयोग नावे सांगण्यासाठी व ओळखण्यासाठी होतो. दुसऱ्यात एकाच पात्राची हालचाल पानोपानी पुढे सरकते व तीतून कथा उलगडते. दोन चित्रांच्या मधल्या काळात काय घडले असावे, हे वाचकाने स्वतः जुळवावयाचे असते. तिसऱ्यात बाजार, स्थानक, शेत, जत्रा यांसारख्या स्थळाचे गजबजलेले मोठे चित्र असते आणि त्यात अनेक लहान प्रसंग एकाच वेळी चालू असतात. जर्मन चित्रकार आली मिटगुच यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नगरदर्शनाच्या पुस्तकामुळे हा तिसरा प्रकार यूरोपात विशेष लोकप्रिय झाला.

चित्र समजणे ही उपजत क्रिया आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो; परंतु तो पूर्णतः खरा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डीलोश व त्यांचे सहकारी यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नऊ महिन्यांची बालके चित्रातील वस्तू हाताने उचलू पाहतात, असे दिसून आले. दीड वर्षाच्या सुमारास हे प्रयत्न मागे पडतात व बालक चित्राकडे बोट दाखवू लागते. आयव्हरी कोस्टमधील ज्या बालकांनी चित्रे फारशी पाहिली नव्हती, त्यांच्यातही वस्तू उचलू पाहण्याची प्रवृत्ती आढळली. चित्र हे वस्तू नसून वस्तूची खूण आहे, ही जाणीव अशा रीतीने अनुभवातून व मोठ्यांच्या सहवासातून घडते. अक्षर ही ध्वनीची खूण आहे, हे पुढे समजण्यासाठी हीच जाणीव पायाभूत ठरते.

या सहवासाचे स्वरूप अनात निनिओ व जेरोम ब्रूनर (1915–2016) यांनी 1978 मध्ये तपशीलवार नोंदविले. आई प्रथम लक्ष वेधते, मग प्रश्न विचारते, नंतर नाव सांगते व शेवटी बालकाच्या प्रतिसादास दुजोरा देते, असा ठरावीक क्रम त्यांना आढळला. आरंभी बालकाचे हसणे वा हुंकारही आई उत्तर म्हणून स्वीकारते. शब्द येऊ लागताच ती शब्दाची अपेक्षा करू लागते. बालक बोलण्यापूर्वीच त्याला संभाषणात जागा दिली जाते, हे या निरीक्षणाचे सार होय.

पाश्चात्त्य परंपरा : बालकांसाठी चित्रांचा पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय चेक शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमेनिअस (1592–1670) यांना दिले जाते. त्यांचे ऑर्बिस पिक्टुस हे पुस्तक 1658 मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. मात्र त्यात चित्र शब्दाच्या सेवेस जुंपलेले होते; चित्रातील प्रत्येक वस्तूस क्रमांक व त्या क्रमांकास शब्द अशी त्याची योजना होती. शब्द वगळून केवळ चित्रांनी दीर्घ कथा सांगण्याचा प्रयोग विसाव्या शतकात प्रथम प्रौढांसाठी झाला. बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासरील व अमेरिकन चित्रकार लिंड वॉर्ड यांच्या काष्ठमुद्रित कादंबऱ्या अनुक्रमे 1918 व 1929 या वर्षांपासून प्रसिद्धीस आल्या. बालकांसाठी रूथ कॅरल यांचे व्हॉट व्हिस्कर्स डिड (1932) हे या प्रकारातील आरंभीचे अमेरिकन पुस्तक मानले जाते.

या प्रकाराचा खरा विस्तार 1960 नंतर झाला. मर्सर मायर यांचे मुलगा, कुत्रा व बेडूक यांच्यावरील पुस्तक (1967), मित्सुमासा आन्नो (1926–2020) यांचे प्रवासचित्रांचे पुस्तक (1977) आणि रेमंड ब्रिग्ज (1934–2022) यांचे द स्नोमॅन (1978) ही त्यांतील प्रमुख होत. भाषांतराची गरज नसल्यामुळे अशी पुस्तके देशोदेशी सहज पोचली. ऑस्ट्रेलियन चित्रकार शॉन टॅन यांच्या दि अरायव्हल (2006) या पुस्तकाचा विषयच परक्या देशात गेलेल्या, तेथील भाषा न जाणणाऱ्या माणसाचा आहे. आंतरराष्ट्रीय बालसाहित्य मंडळाने 2012 मध्ये इटलीच्या लांपेदूझा बेटावर येणाऱ्या निर्वासितांच्या व तेथील स्थानिक मुलांसाठी निरनिराळ्या देशांतील शब्दविरहित पुस्तके जमविण्याचा उपक्रम सुरू केला, तोही याच गुणामुळे.

महाराष्ट्रातील चित्रकथन : छापील शब्दविरहित पुस्तक मराठीत अलीकडचे असले, तरी अक्षरविरहित चित्रमालिका समोर ठेवून कथा सांगण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने ही कला चित्रकथी या नावाने जतन केली. कागदावर रंगविलेली चित्रे पाठीस पाठ लावून चिकटविली जातात. अशा चित्रांच्या संचास ‘पोथी’ म्हणतात. पोथी म्हटली तरी वाचण्याजोगा मजकूर तीत नसतो. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभे धरतो आणि वाद्यांच्या साथीने रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंग गातो व सांगतो. शब्द त्याच्या कंठात असतात आणि प्रसंगानुसार ते लांबतात वा आखडतात. या शैलीची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही पहावयास मिळतात. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री देऊन या परंपरेचा गौरव करण्यात आला. बंगालमधील पटचित्रे व राजस्थानातील फड ही याच कुळातील होत.

चित्रकथी हे बालकांसाठी केलेले साधन नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तथापि शब्दविरहित पुस्तकाचे एक मर्म तीत स्पष्ट दिसते : चित्र अबोल असते म्हणून ते दाखविणाऱ्याला बोलावे लागते. फरक इतकाच, की चित्रकथीत बोलणारा एक व ऐकणारे अनेक असतात, तर बालकासोबतच्या वाचनात ऐकणाऱ्यालाही बोलते करावयाचे असते.

मुद्रणाच्या काळात मराठी मुलांच्या हाती चित्र आले, ते प्रामुख्याने अंकलिपीच्या द्वारे. तेथे चित्राचे काम अक्षराची आठवण करून देणे एवढेच होते. अननस दिसताच ‘अ’ म्हणावयाचे, अननसाविषयी बोलावयाचे नाही. ही चौकट सैल करण्याचे कार्य बालशिक्षणाच्या चळवळीने केले. गिजुभाई बधेका (1885–1939) यांनी 1920 मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (1892–1973) यांनी 1936 मध्ये दादर येथे शिशुविहाराचे व 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ (1910–1992) बोर्डीच्या कार्यात त्यांना मिळाल्या. पुढे 1957 मध्ये हे कार्य कोसबाड येथे नेण्यात आले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून पाने, बिया, शिंपले, माती अशा परिसरातील वस्तूंतून साधने घडविण्यात आली आणि गाणी, गोष्टी व गप्पा यांना दिनक्रमात मानाचे स्थान मिळाले. बालवाडीपर्यंत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच शिक्षिकेने जावयाचे, या त्यांच्या प्रयोगातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

प्राथमिक शाळेत चित्रवाचनास स्थिर स्थान पाठ्यपुस्तकांतून लाभले. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची (बालभारती) स्थापना 1967 मध्ये झाली. पहिलीच्या भाषेच्या पुस्तकात अक्षरांपूर्वी घर, शेत, बाजार यांची चित्रे देऊन त्यांवर मुलांना बोलते करण्याची पद्धत पुढे परिचयाची झाली. पाठ्यपुस्तकाबाहेर माधुरी पुरंदरे यांनी चित्रवाचन या नावाचेच पुस्तक केले असून ते पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढले आहे.

घरची भाषा व चित्रवाचन : या पुस्तकांचे महत्त्व ग्रामीण महाराष्ट्राच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याचे उदाहरण घेता येईल. चित्रातील शेळीला येथील मूल ‘शेरडी’ म्हणेल व म्हशीला ‘म्हस’. खाली ‘शेळी’ असे छापलेले असेल, तर मुलाचे उत्तर चुकीचे ठरण्याचा संभव असतो. शब्द नसेल, तर दोन्ही नावे शेजारी नांदू शकतात. मिरवणुकीचे चित्र समोर आल्यास कडेगावच्या मुलाला मोहरमचे गगनचुंबी ताबूत आठवतील. हिंदू व मुसलमान मिळून साजरा करीत असलेला हा सोहळा येथील बालपणाचा भाग आहे. पंढरपूरच्या मुलाला त्याच चित्रात पालखी दिसेल. दोन्ही वाचने ग्राह्य होत.

तालुक्यात वांगी येथे साखर कारखाना आहे. सांगली-सातारा भागातील कारखान्यांच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात. त्यांच्यासोबत शाळेपासून तुटलेली लहान मुलेही असतात. अशा कुटुंबांत अनेकदा आईवडिलांना वाचता येत नाही. मजकुराचे पुस्तक घरात आले, तर ते वाचण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे जातो आणि आई मुलासमोर उणी ठरते. शब्दविरहित पुस्तकात हा भेद उरत नाही. बैल, कोयता, चूल, पाऊस यांविषयी तिला शिक्षिकेपेक्षा अधिक सांगता येते. निरक्षर पालकही मुलाचा पहिला वाचनसोबती होऊ शकतो, हे या साधनाचे सर्वांत मोठे सामाजिक मूल्य होय.

पद्धती व मर्यादा : अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तक पाहताना खुले प्रश्न विचारण्यास व मुलाचे बोलणे विस्तारून परत सांगण्यास शिकविले. सुमारे एका महिन्यातच त्या मुलांची बोलण्यातील प्रगती इतर मुलांहून अधिक दिसून आली. मूल ‘कुत्रा’ म्हणाले, तर ‘हो, ओला झालेला कुत्रा पळतोय, कुठे चालला असेल?’ असे म्हणणे, हे या पद्धतीचे साधे रूप होय.

याउलट ‘हे काय आहे?’ एवढाच प्रश्न पानोपानी विचारल्यास चित्रवाचनाची तोंडी परीक्षा होते व मूल गप्प बसते. मोठ्या वर्गात हा धोका विशेष असतो. एका चित्राभोवती पाच-सहा मुलांहून अधिक मुले बसली, तर मागच्यांना चित्र दिसत नाही व पुढची दोघेच बोलतात. शब्दविरहित पुस्तक हे मजकुराच्या पुस्तकाला पर्यायही नव्हे. लिखित भाषेची वाक्यरचना व शब्दकळा मुलाच्या कानी पडण्यासाठी गोष्ट वाचून दाखविणेही आवश्यक असते. प्रौढाला काय बोलावे हे सुचत नाही, ही अडचणही वारंवार आढळते. तीवर उपाय म्हणजे आधी मुलाला पान पाहू देणे, थोडे थांबणे आणि त्याच्या बोटाच्या दिशेने बोलणे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (2020) तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून घरच्या भाषेवर भर दिला आहे. अंगणवाडीत अशी पुस्तके पोचविणे तुलनेने सोपे आहे. ती कपाटात न राहता मुलांबरोबर घरी जाणे व मळालेली, दुमडलेली परत येणे, हे त्यांच्या उपयोगाचे खरे गमक होय. त्यासाठी सेविकेला पुस्तक फाटल्याचा जाब द्यावा लागणार नाही, अशी व्यवस्था असणे आवश्यक आहे.