शेवटपर्यंत ऐकायचं

ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी दहा दिवस भोपाळला जायचं ठरलं, तेव्हा बॅगेत कपड्यांबरोबर एक हार्ड डिस्कही टाकली. तिच्यात बाबांच्या कॅसेट्स आहेत. बाबा गेल्यावर सव्वादोनशे कॅसेट्स एका दुकानात देऊन संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. काम झालं, पण नावं गेली. 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' असे अठराशे तुकडे! डब्यांतले बाबांच्या अक्षरातले कागद एका पिशवीत कोंबून परत मिळाले. कुठला कागद कुठल्या कॅसेटचा, कुणाला ठाऊक? मी सरकारी कारकून. क्रमांक नसलेली फाईल हरवल्यातच जमा असते, हे मला कुणी शिकवायला नको. तरी सहा वर्षं हे काम पुढे ढकलत राहिलो.

भोपाळात संध्याकाळी करायला काही नव्हतं. हेडफोन लावून बसलो. प्रत्येक ट्रॅकचे पहिले दहा सेकंद ऐकायचे, आवाज ओळखू आला तर नाव द्यायचं, नाही तर पुढे. अभिषेकीबुवा लगेच सापडले. नाट्यगीतं सापडली. पण चार दिवसांत हजारभर ट्रॅक 'अनोळखी' या फोल्डरात जाऊन पडले.

रविवारी भारत भवन पाहायला गेलो. शामला टेकडीच्या उतारावर, बड्या तलावाच्या काठी ही वास्तू आहे. १९८२ साली तिचं उद्घाटन झालं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, म्हणजे आपल्या पणजीच्या कला अकादमीचेच! मांडवीकाठी बसल्यासारखं वाटलं ते उगीच नव्हे. भारत भवनात चित्रांसाठी 'रूपंकर', नाटकासाठी 'रंगमंडल', कवितेसाठी 'वागर्थ' आणि संगीतासाठी 'अनहद' असे विभाग. बरोबर प्रशिक्षणाला आलेले एक मराठी गृहस्थ होते, तीन पिढ्या भोपाळात काढलेले. त्यांनी इथल्या ध्रुपद केंद्राची गोष्ट सांगितली. १९८१ च्या सुमारास राज्य सरकारने हे केंद्र काढलं आणि शिकवायला उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर आले. गुंदेचा बंधू, उदय भवाळकर हे त्यांचे इथले शिष्य. 'ध्रुपदाची आलापी दहा सेकंदांत ओळखायला जाल तर षड्जसुद्धा लागलेला नसतो,' ते हसत म्हणाले.

ते ऐकताना मला गौहर जान आठवल्या. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गायस्बर्ग कलकत्त्याला आले आणि एका हॉटेलातल्या खोलीत भोंग्यासमोर त्यांना गायला बसवलं. तीन मिनिटांत सगळं आटपायचं. गाणं संपताच बाई इंग्रजीतून मोठ्याने स्वतःचं नाव सांगत. त्यात मिरवणं असेलही, पण एक रोकडं कारणही होतं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला निघत. तिथल्या कारागिरांना गाण्यातलं अक्षर कळत नसे. लेबल कुणाचं लावायचं हे त्या नावावरून ठरे. १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि ती गरज उरली नाही. पण गोष्ट लक्षात घ्या. नाव गाण्याच्या शेवटी असे!

त्या रात्री 'अनोळखी' फोल्डर पुन्हा उघडला आणि ट्रॅक शेवटाकडून ऐकायला लागलो. पंधराव्या की सोळाव्या ट्रॅकला टाळ थांबले, कुणीतरी खोकलं, आणि टेपरेकॉर्डर बंद करण्याआधी बाबांचा आवाज आला. 'वास्को, दामोदर सप्ताह. पावसाक लागून वीज गेल्ली, फुडलें उरलें.'

मी हेडफोन काढून ठेवला. सहा वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. चार दिवस मी तो दहा दहा सेकंदांच्या घाईत ओलांडून पुढे जात होतो.

उरलेल्या दिवसांत असे त्रेचाळीस ट्रॅक मिळाले. पण नोंद कुठे करायची? संगणक विचारतो गायक, अल्बम, प्रकार, वर्ष. राग कुठे लिहू? ताल? सप्ताहातल्या भजनाचा अल्बम कोणता? ही अडचण माझ्याआधी फार मोठ्या माणसाला पडली होती. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे गावोगाव हिंडले, उस्तादांच्या कंठातल्या बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरवल्या, सगळे राग दहा थाटांत मांडले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. १९१८ साली याच मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेरला त्यांच्या पद्धतीने शिकवणारं विद्यालय निघालं. दहा थाटांत सगळे राग बसत नाहीत असा आक्षेप आजही घेतला जातो, आणि तो खोटा नाही. पण वाद घालायला तरी आधी काहीतरी मांडलेलं लागतं. मीही मग माझे रकाने केले. राग, ताल, गाव, आणि 'बाबा काय म्हणाले'.

गावाचा रकाना उगीच नाही. आपल्या गायिकांनी नावातच गाव ठेवलं. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. साळावली धरणात कुर्डी गाव बुडालं. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा जोती दिसतात, जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात, आणि पावसाळ्यात पुन्हा पाणीच पाणी. पण कुठेही मोगूबाईंची तबकडी लागली की त्या गावाचं नाव घ्यावंच लागतं.

शेवटच्या संध्याकाळी बड्या तलावाकाठी हे सगळं मनात आलं. 'अनोळखी' फोल्डरात अजून सातशे ट्रॅक आहेत. काहींत बाबा काहीच बोललेले नाहीत. त्यांचे ते भजन गाणारे सोबती आता चारपाचच उरले आहेत, सगळे ऐंशीच्या पुढचे. पुढच्या रविवारपासून हार्ड डिस्क घेऊन एकेकाच्या घरी जाणार आहे. तुमच्याही घरी अशा कॅसेट्स असतील, तर ओळखणारं माणूस आहे तोवर एकदा त्यांच्यासमोर लावा. आणि शेवटपर्यंत ऐका.